ममी, वाळू आणि रीळ: प्राचीन इजिप्तवरचा प्रायोगिक सिनेमा बघायला सुरुवात कशी करावी

या लेखातले चित्रपट बघायला इजिप्तचा इतिहास पाठ असावा लागत नाही. फॅरोंची, म्हणजे तिथल्या राजांची, वंशावळ नको, हायरोग्लिफ ही चित्रलिपी वाचता येणंही नको. अंधारी खोली, बरे हेडफोन आणि मध्येच फोन हातात न घेण्याचा निश्चय एवढं पुरे. पण क्रम महत्त्वाचा आहे. चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली की माणूस पहिल्या अर्ध्या तासात वैतागतो, ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. म्हणून कशापासून सुरू करायचं, काय बघायचं आणि काय खुशाल सोडून द्यायचं हे इथे सांगतो.

आधी एक समज बाजूला ठेवू. पिरॅमिड म्हणजे कायम टिकणारं काहीतरी, ममी म्हणजे मरणावर मात, असा इजिप्त आपल्याला पोस्टरांनी आणि हॉलिवूडने शिकवला. या लेखातले बहुतेक चित्रपट याच्या उलट बाजूने येतात. त्यांना रस आहे तो झिजण्यात, चोरीला जाण्यात, हलवलं जाण्यात आणि जपता जपता हातून निसटण्यात. त्यामुळे कुठलाही चित्रपट बघताना एक प्रश्न मनात असू द्या: इथे कोण काय जपतंय, कोणासाठी, आणि त्या जपण्याची किंमत कोण मोजतंय? कथा कळली नाही तरी हा प्रश्न धरून बसलात तर चित्रपट हातचा जाणार नाही.

पहिली पायरी: तीन गोष्टी माहीत करून घ्या

पंधरा मिनिटांचं काम आहे. त्याहून जास्त वाचू नका, नाहीतर चित्रपट बघताना तुम्ही परीक्षेला बसल्यासारखे बसाल.

एक, नाव. प्राचीन इजिप्शियनांच्या दृष्टीने माणूस म्हणजे नुसतं शरीर नव्हे. ‘का’ म्हणजे जीवनशक्ती, ‘बा’ म्हणजे माणसाचं तोंड असलेला पक्षी, सावली, आणि या सगळ्यांइतकंच त्याचं नाव. शरीर टिकलं आणि नाव पुसलं गेलं तरी माणूस संपला. म्हणूनच नको असलेल्या राजाचं नाव दगडावरून छिन्नीने खरवडून काढत.

दोन, शंका. मरणानंतर सगळं सुरळीत होणार यावर खुद्द इजिप्शियनांचाही सरसकट विश्वास नव्हता. थडग्यांत वीणा वाजवणाऱ्या गायकांची गीतं कोरलेली सापडतात. इंतेफ राजाच्या थडग्यातलं म्हणून जे गीत एका पपायरसवर उतरून आपल्यापर्यंत आलं, त्याचा आशय असा: इम्होतेपची वचनं मी ऐकली आहेत, पण त्याची जागा आज कुठे आहे? भिंती ढासळल्या, जणू कधी नव्हत्याच. आणि तिथली खबर सांगायला तिथून कोणी परत आलेलं नाही. सक्कारातल्या जोसेर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडचं श्रेय ज्याला देतात तोच हा इम्होतेप. त्याचं स्वतःचं थडगं आजतागायत सापडलेलं नाही.

तीन, १८८१. लक्सॉरसमोर, नाईलच्या पश्चिम काठावर गुर्ना नावाचं गाव होतं. तिथल्या अब्द अल-रसूल घराण्याला देर अल-बहरीच्या कड्याजवळ एक उभं भुयार सापडलं. आत राजघराण्यातल्या पन्नासच्या आसपास ममी: दुसरा रामसेस, पहिला सेती, तिसरा थुतमोस. बरीच वर्षं या घराण्याने त्यातली एकेक वस्तू गुपचूप बाजारात आणली. बाजारात दिसणाऱ्या या वस्तूंवरूनच पुरातत्त्व खात्याला संशय आला. अखेर घरातल्याच एकाने तोंड उघडलं. जुलै १८८१ मध्ये एमिल ब्रुग्श आणि अहमद कमाल यांनी शेकडो मजूर लावून दोन दिवसांत भुयार रिकामं केलं आणि सगळं आगबोटीने कैरोला हलवलं.

यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या ममी मुळातच तिथल्या नव्हत्या. चोरांच्या भीतीने एकविसाव्या राजवंशाच्या काळातल्या पुरोहितांनी त्या आपापल्या थडग्यांतून काढल्या, पुन्हा कापडात गुंडाळल्या आणि शेवटी या भुयारात आणून ठेवल्या. कोणाला केव्हा कुठून कुठे हलवलं याच्या शाईने केलेल्या नोंदी काही पेट्यांवर आजही आहेत. चिरनिद्रा म्हणतात, पण ही मंडळी मेल्यानंतर सतत प्रवासात आहेत.

दुसरी पायरी: ‘अल-मुमिया’पासून सुरुवात

शादी अब्देल सलाम यांचा १९६९ चा चित्रपट. जगभर तो ‘द नाइट ऑफ काउंटिंग द इयर्स’ या नावानेही ओळखला जातो. लांबी पावणेदोन तासांच्या आत. शादी हे अलेक्झांड्रियाचे, शिक्षणाने वास्तुविशारद. ‘क्लिओपात्रा’सारख्या अवाढव्य हॉलिवूडपटावर आणि कावालेरोविच यांच्या ‘फॅरो’ या पोलिश चित्रपटावर त्यांनी वेशभूषा आणि सजावटीच्या बाजूने काम केलं होतं. पूर्ण लांबीचा त्यांचा हा एकच चित्रपट. पुढे अखेनातेन या फॅरोवरच्या चित्रपटाची तयारी ते वर्षानुवर्षं करत राहिले, पण १९८६ मध्ये ते गेले आणि तो व्हायचा राहिला. ‘अल-मुमिया’ उभा राहावा म्हणून इटालियन दिग्दर्शक रॉबेर्तो रोसेलिनी यांनी शब्द टाकला होता. २००९ मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या वर्ल्ड सिनेमा फाउंडेशनने बोलोन्यातल्या प्रयोगशाळेकडून त्याचं पुनरुज्जीवन करून घेतलं. शोधायचीच तर ती प्रत शोधा. जुन्या फिकट प्रतींमध्ये या चित्रपटाचा जीव, म्हणजे त्याचा रंग, उडालेला असतो.

कथानक वर सांगितलेल्या १८८१ च्या घटनेवर बेतलेलं आहे. टोळीचा म्हातारा प्रमुख मरतो. त्याच्या दोन मुलांना काका डोंगरात घेऊन जातात आणि घराण्याचं गुपित दाखवतात. हे कळल्यावर थोरला मुलगा सामील व्हायला नकार देतो आणि मारला जातो. धाकटा वनीस उरतो. बोलावं की गप्प राहावं, एवढाच त्याच्यापुढचा पेच. यापुढची कथा आधी वाचू नका.

आता कसा बघायचा ते.

पहिल्यांदा बघताना सबटायटल वाचा, पण सगळे शब्द पकडायच्या मागे लागू नका. संवाद कमी आहेत आणि ते गावच्या बोलीत नाहीत, ग्रांथिक अरबीत आहेत. साताऱ्याच्या डोंगरातल्या माणसांनी निबंधमालेतली मराठी बोलावी, तसं ते अरबांच्या कानाला लागत असणार. हे मुद्दाम केलेलं आहे. माणसं एकमेकांशी गप्पा मारत नाहीत, शिलालेख वाचल्यासारखी बोलतात. सुरुवातीला ते कृत्रिम वाटेल. वाटू द्या. साधारण विसाव्या मिनिटाला त्याची लय कानात बसते.

सुरुवातीचाच प्रसंग नीट ऐका. कैरोमध्ये पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मास्पेरो सहकाऱ्यांना ‘मृतांचं पुस्तक’ या प्राचीन मंत्रसंग्रहातली प्रार्थना वाचून दाखवतात. वर्षं मोजली जातील त्या रात्री मला माझं नाव आठवू दे, माझं नाव मला परत मिळू दे, असं मागणं त्यात आहे. चित्रपटाचं इंग्रजी शीर्षक तिथूनच आलं. त्यानंतर दृश्य थेट डोंगरातल्या अंत्ययात्रेवर जातं. एकीकडे दिव्याच्या उजेडात कागदावर वाचलं जाणारं मरण, दुसरीकडे वाऱ्यात फडफडणारे काळे कपडे. पुढचा सगळा संघर्ष या दोन दृश्यांत आलेला आहे.

मग डोंगरातला प्रसंग. टेंभ्याच्या उजेडात काका पेटी उघडतो, ममीची कापडं चिरतो आणि आतून सोन्याचा डोळा ओरबाडून काढतो. संगीत चढवून भीती घालण्याचा प्रयत्न नाही. जे होतं ते खाटकाच्या सराईतपणाने होतं. बघताना तुमची नजर सोन्याकडे जाईल. दुसऱ्या वेळी बघाल तेव्हा मुलांच्या चेहऱ्यांकडे बघा. आजवर आपल्या ताटात जे पडलं ते कशातून आलं, हे त्यांना त्या क्षणी कळतं.

रंग आणि उजेड हा तिसरा धागा. अब्देल अझीझ फहमी यांचं छायाचित्रण बरंचसं पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या उजेडात आहे. सावल्या लांब, कडा मऊ. वाळूचा पिवळसर करडा आणि कपड्यांचा काळा, एवढ्या दोन रंगांवर चित्रपट तरतो. तिसरा रंग दिसला की समजा, काहीतरी महत्त्वाचं घडतंय. माणसं चौकटीत लहान आहेत, खांब आणि पुतळे मोठे. पण ते पुतळेही तुटके, अर्धे वाळूत गेलेले. मोठेपणा आणि भग्नता एकाच चौकटीत बसवणं ही शादींची वास्तुविशारदाची नजर.

एक तक्रारही नोंदवतो, कारण नवख्या प्रेक्षकाने कौतुकातच बुडून जावं हे बरं नाही. चित्रपटात वनीस सद्सद्विवेकाने बोलतो. प्रत्यक्षात अब्द अल-रसूल भावांपैकी अहमदला केना इथे अधिकाऱ्यांनी मारझोड करून छळलं. पुढे घरात वाटणीवरून बिनसलं, आणि मोठ्या भावाने, मोहम्मदने, जागा दाखवली. त्याला बक्षीस मिळालं आणि खात्यात नोकरीही. शादींनी हा छळ वगळला. इस्रायलकडून झालेल्या १९६७ च्या पराभवानंतरच्या इजिप्तला ‘आपण कोणाचे वारस?’ हा प्रश्न विचारायचा होता आणि त्यासाठी त्यांना छळाला बळी पडलेला माणूस नको होता, जागा झालेला माणूस हवा होता. कलाकृती म्हणून मला ते पटतं. गुर्नाच्या लोकांच्या बाजूने बघितलं तर पटत नाही. चित्रपटात कैरोचे टोपीवाले एफेंदी, म्हणजे शिकलेले सरकारी साहेब, जरा जास्तच निर्मळ दिसतात.

शेवटची पंधरा मिनिटं लगेच पुन्हा बघा. पेट्या खांद्यांवर घेऊन मजुरांची रांग पहाटे नदीकडे निघते. ही अंत्ययात्रा की स्थलांतर, की नुसतीच जप्ती? मास्पेरोंनी लिहून ठेवलं आहे की प्रत्यक्षात आगबोट जाताना काठावरच्या बायका केस मोकळे सोडून आक्रोश करत धावल्या आणि पुरुषांनी मयतीला झाडतात तशा बंदुका झाडल्या. तीन हजार वर्षं जुन्या प्रेतांसाठी. ते राजांसाठी रडत होते की हातची रोजीरोटी चालली म्हणून, हे कोणी सांगावं!

तिसरी पायरी: त्याच आठवड्यात हे दोन व्हिडिओ बघा

ही पायरी कुठल्या यादीत सापडणार नाही, पण ‘अल-मुमिया’ खऱ्या अर्थाने इथे उलगडतो.

३ एप्रिल २०२१ ला कैरोमध्ये बावीस राजममींची मिरवणूक निघाली: अठरा राजे, चार राण्या. तहरीर चौकातल्या जुन्या संग्रहालयातून फुस्तातच्या नव्या राष्ट्रीय संग्रहालयात. सोनेरी सजवलेल्या गाड्या, तोफांची सलामी, प्राचीन इजिप्शियन भाषेतलं गाणं, सगळं थेट प्रक्षेपित. त्यातल्या बऱ्याच ममी १८८१ च्या त्या भुयारातल्याच. यूट्यूबवर ती मिरवणूक सहज मिळते. पाच मिनिटं बघा आणि शेजारी ‘अल-मुमिया’चा शेवट ठेवा. एका ठिकाणी पावलांचा आणि वाऱ्याचा आवाज, दुसरीकडे वाद्यवृंद. तेच राजे, तेच हलवणं.

दुसरा व्हिडिओ गुर्नाचा शोधा. खालच्या थडग्यांचं नुकसान होतं या कारणाने डिसेंबर २००६ पासून हे गाव पाडायला सुरुवात झाली आणि रहिवाशांना दुसरीकडे हलवण्यात आलं. डोंगरउतारावरची ती रंगीत घरं बुलडोझरखाली गेली. त्याआधी १९४० च्या दशकातही वास्तुविशारद हसन फथी यांनी मातीच्या विटांचं नवं गुर्ना बांधून या लोकांना खाली आणण्याचा प्रयत्न केला होता. लोक जायला तयार नव्हते आणि ते गाव अर्धवट राहिलं. म्हणजे थडगी राखण्यासाठी थडग्यांवर जगणारं गाव गेलं. जपण्याची किंमत कोण मोजतं हा सुरुवातीचा प्रश्न इथे आपोआप पुढे येतो.

चौथी पायरी: छोट्या लांबीची कामं

शादींचाच ‘द एलोक्वंट पेझंट’ हा १९७० चा वीस मिनिटांचा लघुपट घ्या. मध्य राज्याच्या काळातल्या कथेवर आधारलेला. एका शेतकऱ्याची गाढवं आणि माल एक माजोरडा अधिकारी लुबाडतो. शेतकरी न्याय मागायला जातो आणि इतकं सुंदर बोलतो की वरचे लोक त्याला मुद्दाम ताटकळत ठेवतात, म्हणजे तो आणखी बोलेल आणि लिहून घेता येईल. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची ही कथा सरकारी कचेरीचा उंबरठा झिजवलेल्या कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. नश्वरतेच्या अंगाने बघायचं तर गाढवं गेली, माणूस गेला, तक्रार उरली.

इथून वाएल शौकी यांच्याकडे जा. हेही अलेक्झांड्रियाचे, १९७१ चा जन्म, आणि काम मुख्यतः कलादालनांत. त्यांची ‘अल अराबा अल मदफुना’ ही तीन भागांची चित्रमालिका २०१२ ते २०१६ या काळात आली. अबिदोसजवळचं हे गाव. मृतांचा देव ओसायरिस याचं मोठं तीर्थ इथलं, आणि गावकरी आपल्याच घराच्या जमिनी खणून पुरलेलं धन शोधतात. शौकींनी मोठ्यांच्या सगळ्या भूमिका लहान मुलांना दिल्या: डोक्याला फेटे, अंगात जलाबिया हा पायघोळ झगा, ओठांवर चिकटवलेल्या मिश्या. आवाज मात्र प्रौढ माणसांचे. पहिली दोन मिनिटं हसू येतं. मग एक पोरगा अत्यंत गंभीरपणे धनाविषयी बोलतो, त्याच्या तोंडून वयस्क माणसाचा घोगरा आवाज येतो, आणि हसू थांबतं. लोभ पिढ्यान्‌पिढ्या तोच, नुसती तोंडं बदलतात, हे शौकींनी एक शब्द न खर्चता सांगितलं. ‘अल-मुमिया’नंतर बघितलं तर हे जास्त भिडतं, कारण तिथेही मुलांनी बापाचा धंदा उचलायचा की नाही हाच प्रश्न होता.

शौकींचं काम पूर्ण लांबीत घरी बघायला मिळणं अवघड आहे. तुकडे, मुलाखती मिळतात. सुरुवातीला तेवढं चालेल.

मन झालं तर मध्ये ‘फॅरो’ही बघा. १९६६ चा, प्रायोगिक म्हणता येणार नाही, पण त्याची सुरुवात वाळूत शेणाच्या गोळीवरून झोंबणाऱ्या दोन भुंग्यांपासून होते. राजसत्तेवरच्या तीन तासांच्या आसपासच्या चित्रपटाची याहून मार्मिक सुरुवात मला आठवत नाही.

पाचवी पायरी: परदेशी नजर, जरा जपून

अमेरिकी प्रायोगिक दिग्दर्शक केनेथ अँगर यांचा ‘लुसिफर रायझिंग’ अर्ध्या तासाच्या आत संपतो, म्हणून बघाच. १९८० च्या सुमारास पूर्ण झालेला. संवाद नाहीत. खऱ्या इजिप्शियन देवळांच्या खांबांत, पिरॅमिडांपाशी देवी आयसिस आणि तिचा नवरा ओसायरिस एकमेकांना खुणा करतात, मगरीचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं, लाव्हा उसळतो आणि शेवटी अवशेषांवरून चक्क उडत्या तबकड्या येतात. संगीत बॉबी बोसोलेइल यांचं, खुनाच्या शिक्षेत तुरुंगात असताना रचलेलं. अँगर यांना इजिप्तच्या इतिहासाशी देणंघेणं नाही. त्यांना अॅलेस्टर क्राउलीच्या गूढपंथाचा विधी पडद्यावर करायचा आहे. त्यामुळे अर्थ लावत बसू नका, रंग आणि संकलन बघा: एक हात वर जातो आणि पुढच्या चौकटीत हजारो किलोमीटरवर काहीतरी घडतं.

अमेरिकी कलाकार मॅथ्यू बार्नी यांचा ‘रिव्हर ऑफ फंडामेंट’ मात्र पहिल्या फेरीत घेऊ नका. २०१४ चा, जवळपास सहा तासांचा, तीन अंकांचा, अमेरिकी लेखक नॉर्मन मेलर यांच्या प्राचीन इजिप्तवरच्या कादंबरीवरून सुचलेला. मेलर यांचाच आत्मा मलमूत्राच्या नदीतून पुन्हा पुन्हा जन्म घेतो. ओसायरिसच्या देहाचे तुकडे होण्याची कथा इथे अमेरिकी मोटारींवर घडते. त्या मोडल्या, वितळवल्या जातात, डेट्रॉइटमध्ये भट्ट्या पेटवून लोखंड ओतलं जातं. मोटार उद्योगाच्या पडझडीला ओसायरिसची कथा लावणं ही कल्पना जबरदस्त आहे. पण किळस सहन करण्याची तयारी हवी, आणि माझ्या मते दोन तास तरी कमी करता आले असते. घरी बघण्यासाठी तो सहजी मिळतही नाही, हे एक बरंच.

सहावी पायरी: आता रीळच ममी समजा

फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी १९४५ मधल्या एका निबंधात चित्रकला आणि शिल्पकलेच्या मुळाशी ममी करण्याची प्रेरणा आहे असं मांडलं: काळाच्या हातून देह सोडवायचा. छायाचित्राने एक क्षण राखला, सिनेमाने तर बदलत जाणंच ममी करून ठेवलं. वाक्य लिहायला छान. अडचण एवढीच की ही ममी स्वतःच कुजते.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत व्यावसायिक चित्रपट नायट्रेट फिल्मवर निघत. ही फिल्म वर्षानुवर्षं ठेवली की चिकट होते, फुगते, पिवळी पडते आणि शेवटी भुकटी होते. पेट घेतला तर ती स्वतःच्याच ऑक्सिजनवर जळते, पाण्याखालीही विझत नाही. बिल मॉरिसन यांनी अशाच कुजत्या रिळांतून २००२ मध्ये ‘डिकेशिया’ जोडला. मायकेल गॉर्डन यांचं संगीत, लांबी एका तासाहून थोडी जास्त. विषय इजिप्त नाही, पण आपल्या वाटेवरचा हा अटळ थांबा आहे. सुरुवातीलाच गोल गोल फिरणारा दर्विश, म्हणजे सूफी साधक, येतो. पुढे एक मुष्टियोद्धा ठोसे मारतोय. त्याच्यासमोरची पिशवी रसायनाने खाल्ली आहे, तिथे नुसता फसफसणारा डाग उरलाय आणि तो गडी त्या डागालाच ठोसे मारतोय. कुजण्याशी झुंज, आणि तीही मुद्दाम चित्रित न करता मिळालेली! आवाज पुरेसा मोठा ठेवा. लॅपटॉपच्या स्पीकरवर हा चित्रपट अर्धा मरतो.

हे सगळं आपल्या अंगणातलंही आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेच्या आवारातल्या, रिळं साठवायच्या व्हॉल्टला आग लागली आणि जुनी नायट्रेट रिळं कायमची गेली. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे काही भागच आज बघता येतात, आणि तेही राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभारणाऱ्या पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने गावोगाव, घरोघर फिरून रिळं जमवली म्हणून. आणि ममी तरी कुठे अमर? दुसऱ्या रामसेसच्या ममीला बुरशी लागली म्हणून १९७६ मध्ये तिला पॅरिसला नेलं आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक केलं.

सातवी पायरी: स्वतः करून बघा

नुसतं बघून हा सिनेमा अर्धाच कळतो. फोनवर होणारे दोन प्रयोग सुचवतो.

पहिला उजेडाचा. घराजवळची एखादी पडकी भिंत, वाड्याची चौकट, बंद पडलेली विहीर निवडा. फोन कशाला तरी टेकवून पक्का ठेवा. सूर्य उगवायच्या आधी दोन मिनिटं चित्रण करा, भर दुपारी दोन मिनिटं, आणि दिवे लागायच्या वेळी दोन. फोनच्या कॅमेऱ्यात एक्स्पोजर लॉक करा, म्हणजे तो आपल्या मनाने उजेड सावरणार नाही. तिन्ही तुकडे एकापुढे एक लावा, संगीत घालू नका. दुपारच्या तुकड्यात भिंत नुसती भिंत दिसते. बाकी दोनांत ती जुनी दिसते. ‘अल-मुमिया’ने दुपार का टाळली ते लगेच लक्षात येतं.

दुसरा झिजेचा. घरातल्या कोणाचा तरी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, बोलताना असेल तर उत्तम. तो फोनवर लावून त्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. त्या रेकॉर्डिंगचं पुन्हा स्क्रीन रेकॉर्डिंग. दर वेळी व्हिडिओची गुणवत्ता सगळ्यात खालच्या पातळीवर ठेवा. चेहरा हळूहळू चौकोनांत विरघळत जातो. डोळे आधी जातात, बाह्यरेषा बराच वेळ टिकते. प्रत्येक प्रत जपून ठेवा आणि शेवटी ओळीने जोडा. मूळ व्हिडिओ मात्र वेगळा, दुसऱ्या ठिकाणीही साठवा. हे सांगायचं कारण, प्रयोगाच्या नादात मूळच पुसलेला माणूस मला माहीत आहे.

बघण्याबद्दल चार व्यवहाराच्या गोष्टी

एका बैठकीत एकच चित्रपट. ‘अल-मुमिया’ आणि ‘डिकेशिया’ एकाच रात्री बघू नका, दोन्ही एकमेकांना खातात. रात्री जेवल्यावर लगेच नको, झोप लागेल, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हे चित्रपट झोप आणतातच. जाग आली की जिथे असाल तिथून पुढे बघा, मागे जाऊ नका.

कुठे मिळतील याचं उत्तर दर काही महिन्यांनी बदलतं, म्हणून नाव लिहून शोध चालू ठेवा. मुंबईत प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्या, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे खेळ, गोव्यात इफ्फीचे पुनरुज्जीवित चित्रपटांचे विभाग यांच्या कार्यक्रमपत्रिकांवर नजर ठेवा. ‘अल-मुमिया’ मोठ्या पडद्यावर लागल्याचं कळलं तर रजा टाका. मुंबई-पुण्याबाहेर असाल तर चौघं-पाच जणांनी मिळून प्रोजेक्टर भाड्याने घ्यावा, पांढरी चादर ताणावी. खर्च वाटला जातो आणि फोन हातात घ्यायची लाज वाटते.

चित्रपट संपल्यावर लगेच ‘कसा वाटला’ विचारू नका. त्याऐवजी प्रत्येकाने आठवणारी एक चौकट सांगावी: कुठला रंग होता, कोण कुठे उभं होतं, आवाज कसला होता. मतं त्यातूनच निघतात. आणि ज्याला ‘मला काहीच कळलं नाही’ म्हणायचं असेल त्याला आधी बोलू द्या. त्याला सहसा सगळ्यात जास्त आठवत असतं.